न्हाईवाली

सोमेश्वर स्वामींच्या अंगावरून वारं गेलं, ही खबर नीलम्माला गिरणीवर कळली. बाजरीचं दळण चालू होतं. तिनं पट्टा थांबवला, तोंडावरचं पीठ पदरानं पुसलं आणि हसली. तोंडावर हात वगैरे काही नाही, चांगली दात दाखवून हसली. खबर आणणारी छबुबाई दळणाचा डबा डोक्यावरून उतरवता उतरवता तशीच थबकली.

"अगं बाई, डावं अंग गेलंय म्हाताऱ्याचं. आन् तू हसतीस?"

"मंग काय रडू?" नीलम्मा म्हणाली. "उजवं कावून ठिवलं, त्याचंच हसू येतंय."

आता हे ऐकून तुम्ही म्हणाल, काय बाई आहे का कोण आहे! दिंद्रुडातही लोक तेच म्हणत. तोंडावर 'नीलम्माअक्का', कारण दळण तिच्याच गिरणीवर न्यावं लागे, आणि पाठ फिरली की 'न्हाईवाली'. बाप गुरुपाद न्हाईवाला, म्हणून लेक न्हाईवाली. देव न्हाई, नवस न्हाई, सोमवार न्हाई, अंगारा न्हाई. आणि जिभेला हाड न्हाई, हे लोकांनी आपल्या पदरचं घातलेलं.

तिला धर्मापुरीला दिली होती, किराणा दुकानाच्या भल्या घरात. मूल होईना. सासू म्हणाली, देवळात जाऊन नवस बोल. नीलम्मा म्हणाली, "देवळात कशाला, दवाखान्यात जाऊ की. पर तुमच्या पोरालाबी संगं घ्या, त्याचंबी तपासू." झालं! पोराला तपासायचं म्हणजे काय तरी! आठवड्याच्या आत तिची ट्रंक एसटीत चढली. बाप फाट्यावर घ्यायला आला होता. त्यानं एका शब्दानं काही विचारलं नाही. घरी आल्यावर जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दगडाला टाकी कशी लावायची ते शिकवलं. तेव्हापासून गिरणी तिची.

हा गुरुपाद म्हणजे एक वेगळंच काम होतं. जन्म लिंगायताच्या घरातला. तरुणपणीच त्यानं गळ्यातलं लिंग उतरवून आईच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आई, ह्याच्यावर माझा राग न्हाई. पर इश्वास बी न्हाई. मंग खोटं गळ्यात कशाला घालू?" आई महिनाभर बोलली नाही. पुढं त्यानं गिरणीच्या ओसरीवर रविवारची बैठक सुरू केली. तिला नाव दिलं, माणूस सभा. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मुनव्वर हा त्याचा पहिला जोडीदार. मागून खत-बियाण्याच्या दुकानातला बंकट आला, आणखी चार टाळकी आली. चहा व्हायचा, वाद व्हायचा, कुणाचं लग्न असलं तर दोन हार आणि दोन वचनं, एवढ्यावर भागायचं.

तसं बघितलं तर देव न मानणारे गावात काही एवढेच नव्हते. देवाला शिव्या घालणारे पारावर पुष्कळ, आणि दारूच्या दुकानात तर सगळेच. गुरुपादाला त्यांचं लई वावडं. तो म्हणायचा, "देव न्हाई हे अर्धंच बोलणं झालं, बाबांनो. आजवर कुणी आजारी पडलं की आपुन म्हणायचो, देव बघून घील. आता देव न्हाई म्हणलात ना? मंग बघून कोण घेणार? उठा, तुमीच उठा!" म्हणून सभेचा नियम एकच होता. पडलेल्याला उचलायचं, आणि तो कोण आहे ते उचलल्यावर विचारायचं. ज्यांना कुणी नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांचं हगणं-मुतणं सभेच्या माणसांनी काढलेलं आहे. गाव नावं ठेवायचं आणि गरज पडली की बोलवायचं.

आणि हा माणूस मेला तेव्हा काय झालं ते सांगतो. ऐका, म्हणजे ते हसू कुठून आलं ते कळेल.

लिंगायतात मयत झोपवत नाहीत, मांडी घालून बसवतात. कपाळाला विभूती लावतात, हार घालतात, आणि जंगम स्वामी येऊन त्या मयताच्या डोक्यावर आपला पाय ठेवतो. गुरूचा पाय लागला, जीव मोकळा झाला, असं मानतात. मानणाऱ्याला ते मोठं सुखाचं. पण गुरुपादानं साऱ्या सभेदेखत सांगून ठेवलं होतं, "मला बसवा न्हाईतर झोपवा, मातीला काय फरक पडत न्हाई. फकस्त राख नको आन् पाय नको." तो गेला त्या सकाळी मुनव्वर बीडला गेलता, बंकट शेतात, आणि भावकी हां हां म्हणता गोळा झाली. चुलत्यानं सोमेश्वर स्वामींना बोलावणं धाडलं. नीलम्मा ओरडत होती, "नको म्हणले होते ते! त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं!" दोन्ही बाजूंनी बायकांनी तिचे दंड धरले. बापाच्या दुःखानं पोर बरळायला लागली, असं एकमेकींना सांगत होत्या.

स्वामींनी विभूती फासली. मग पाय उचलला, गुरुपादाच्या डोक्यावर ठेवला, आणि जमलेल्या लोकांकडं बघून म्हणाले, "नाव गुरुपाद! जन्मभर वाकला न्हाई. पर बगा, शेवटी गुरूचा पाद डोक्यावर आलाच!"

आणि लोक हसले. मयताच्या अंगणात, मयत समोर बसलेलं असताना, हसले. मोठ्यानं नव्हे, पण हसले. ज्यांची दळणं बापानं उधारीवर काढली होती ते हसले, ज्यांच्या आयांना त्यानं अंघोळी घातल्या होत्या ते हसले.

नीलम्मा त्या दिवशी रडायची थांबली. आत काहीतरी आवळलं गेलं, ते सुटलं नाही. तिनं मनाशी धरलं की ह्या माणसाला मी असं मारीन की त्याला मरतानाही कळेल, कुणी मारलं.

पण गिरणीवाली बाई सूड घेणार तरी कसला? आठ-नऊ वर्षं ती स्वामींच्या घरचं दळण सगळ्यात शेवटी काढायची, एवढंच. ज्वारी दिली तर जाडंभरडं द्यायची. स्वामी रस्त्यात दिसले की ती आवर्जून समोरून जायची आणि डोक्यावरचा पदर उलट खाली घ्यायची. असल्या सुडानं कुणाचं पोट भरतं? भूक तेवढी वाढते.

म्हणून ती हसली.

स्वामींना बघणारं कुणी नव्हतं. बायको मागंच गेलेली. मुलगा केदारनाथ पुण्यात. तो येऊन दोन दिवस राहिला, छबुबाईला दोन वेळच्या भाकरीचं सांगितलं आणि परत गेला. पुतण्या योगीराज आता गावची स्वामीकी करायचा, तो दारातूनच विचारपूस करून जाई. भाकरीचं झालं, पण बाकीचं कोण करणार? डावं अंग पडलेलं, उजव्या हाताला आधीचाच कंप. म्हातारा घाणीत लोळत होता आणि वास रस्त्यापर्यंत येत होता.

रविवारी सभेत विषय निघाला. बंकट ताडकन म्हणाला, "बिलकुल न्हाई. ज्यानं आपल्या दादाच्या डोक्यावर पाय दिला, त्याचं गू काढायचं? त्याचा देव काढंल की!"

मुनव्वरचाचांनी कप खाली ठेवला. ते नीलम्माकडं बघत होते. सगळेच बघत होते.

"मी जाते," नीलम्मा म्हणाली.

"तू?" बंकटचा चहाचा कप अर्ध्यावर राहिला.

"नियम हाय का न्हाई? पडलेल्याला उचलायचं. मंग? उद्यापासून मी जाणार."

बंकटनं मान डोलावली, वा म्हणाला, अक्का तुझं काळीज मोठं. मुनव्वरचाचांनी मात्र उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "बेटी, खरं सांग. काय घिऊन चाललीस?"

"कोमट पाणी आन् फडकी," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पहाटे गिरणी सुरू व्हायच्या आधी ती स्वामींच्या घरी गेली, चूल पेटवली, पाणी तापवलं. म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं, धुतलं, पुसलं, पाठीला तेल लावलं, अंथरूण बदललं. काम तिनं चोख केलं. त्यात तिला खोट चालत नसे. स्वामींनी सारा वेळ डोळे गच्च मिटले होते. लाजेनं मेल्याहून मेला होता तो माणूस. त्यांचा पाय धुताना ती जरा थांबली. उजवा होता का डावा, तिला आठवेना, म्हणून तिनं दोन्ही सारखेच घासले.

सगळं झाल्यावर स्वामींनी डोळे उघडले. जीभ जड झाली होती, पण कळत होतं.

"नीलू... कोनाड्यात विभूती हाय. लाव. आन् लिंग... हातावर दे."

हे मागणं साधं नव्हतं. लिंगाची पूजा झाल्याशिवाय ह्या माणसानं जन्मात तोंडात घास घेतला नव्हता. लिंग गळ्यातल्या चांदीच्या डबीत होतं, छातीवर, वीतभर अंतरावर. पण पूजा करायची तर ते डाव्या तळहातावर घ्यावं लागतं, आणि डावा हात मेलेला. विभूती लावायची तर उजवा थरथरणारा. पडल्यापासून पूजा नाही. दोन दिवस त्यांनी खाल्लंच नव्हतं; छबुबाईनं रडून रडून घास कोंबले तेव्हा गिळले. योगीराजला सांगून बघितलं, तर तो दारातून म्हणाला, "अप्पा, अशा घाणीतल्या अंगानं लिंग कसं घेणार? बरे व्हा, मंग बगू." छबुबाई म्हणाली, "मी धनगराची बाई, मी कुठं तुमच्या लिंगाला हात लावू?" आता रोज पहाटे ते घटकाभर स्वच्छ असणार होते, आणि त्या घटकेला घरात एकटी नीलम्मा. जन्मानं लिंगायत. तान्ही असताना तिच्या गळ्यात लिंग बांधलं होतं ते ह्याच स्वामींनी.

नीलम्मानं बादली उचलली. "आमच्या सभेत चालत न्हाई ते, अप्पा."

"फकस्त... कपाळाला."

"कपाळालाबी न्हाई. आमचं तत्त्व हाय."

आणि ती बाहेर पडली. खोटं कशाला बोला, तिला लई बरं वाटलं. उपाशी माणसाला गरम भाकरी मिळावी तसं वाटलं. गिरणीवर त्या दिवशी ती गाणं गुणगुणत होती, आणि दळणाला आलेल्या बाया एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या की आज अक्काला झालंय तरी काय.

मग तो रोजचाच पाठ झाला. धुणं, पुसणं, तेल, आणि शेवटी त्यांनी मागायचं आणि तिनं नाही म्हणायचं. ती घाईनं नाही म्हणत नसे. पदर खोचून, समोर उभं राहून, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणे, "न्हाई." तिला कळून चुकलं की ती येते ते ह्या एका शब्दासाठी येते. बाकीचा सारा उपद्व्याप त्या शब्दाचं भाडं होतं.

एकदा स्वामींनी स्वतःच प्रयत्न केला. तिनं विभूतीचा खडा कोनाड्यातून काढून खाटेवर ठेवला होता, मुद्दामच, हाताला लागेल असा. त्यांनी तो उजव्या हातानं कुस्करला, बोटं कपाळाकडं नेली, आणि हात असा थडथडला की राख डोळ्यांत गेली, नाकात गेली, उशीवर सांडली. म्हातारा खोकत सुटला. नीलम्मानं पाणी आणून त्यांचे डोळे धुतले. हात तिचा हळुवार होता, आणि मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. लाव म्हणावं आता. लाव की. जन्मभर दुसऱ्यांच्या कपाळाला लावलीस.

छबुबाईच्या तोंडून हे गावभर झालं, आणि मुनव्वरचाचा गिरणीवर आले. दळण नव्हतं हातात. ते पाटावर बसले.

"बेटी, म्हाताऱ्याला राख लावून दे."

"तुमी सांगता हे, चाचा? सभेचे तुमी पहिले माणूस. आज राख, उद्या नारळ, परवा तिथंच आरती म्हणू का?"

"ऐक. मला अल्ला पटत न्हाई, हे हाफिजाला निकाह झाल्यापासून ठाव हाय. ती पाच वक्त नमाज पढती. मागल्या साली तिचे गुडघे गेले. आता खुर्चीवर बसून पढती. ती खुर्ची कोण मांडतं? वजूला हात-पाय धुवायचं पाणी कोण आणतं? मी. मला नमाज पटत न्हाई बेटी, पर हाफिजाचे गुडघे पटतात."

"हाफिजाचाचीनं तुमच्या बापाच्या डोक्यावर पाय ठिवला न्हवता."

चाचांनी बाहीवरचं पीठ झटकलं. म्हणाले, "न्हवता ठिवला. तुझी आग खरी हाय. शेक तिच्यावर हात, मी न्हाई म्हणत न्हाई. पर तिला तत्त्व म्हणू नको. गुरुपादचं तत्त्व घिऊन तू म्हाताऱ्याला डागण्या दिऊ लागलीस."

"मी त्याचं गू काढते!" नीलम्मा ओरडली. "तुमच्यापैकी कोण काढतंय? धुते, पुसते, पाठीला एक जखम हू दिली न्हाई. आणखी काय जीव दिऊ? माझं अर्धं काम मी चोख करते."

"हां, अर्धं," चाचा म्हणाले आणि उठून गेले. तिनं पट्टा चालू केला, आत धान्य नसतानाच. दगडावर दगड खरवडला तेव्हा भानावर आली.

पुढच्या रविवारी बैठकीला नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. खबर फिरली होती ना. बंकट तर नवरदेवासारखा उभा राहिला. "मंडळी, जे आपल्या भाषणांनी झालं न्हाई ते नीलम्माअक्कानं करून दाखवलं. स्वामी कोरड्या कपाळानं पडलाय! आता कसला आलाय सोमेश्वर? ईश्वर गेला, निस्ता सोम्या उरला!"

आणि लोक हसले.

नीलम्माही हसली. सगळ्यांच्या आधी हसली. आणि हसता हसता तिला ते हसणं ओळखू आलं. हाच आवाज, हाच, नाव मोडून केलेल्या विनोदाचा. ज्याला उठता येत नाही, उलट बोलता येत नाही, अशा माणसावर भरल्या अंगणात हसल्याचा. फरक एवढाच, की ह्या खेपेला तिचे दंड कुणी धरलेले नव्हते.

तिचं हसणं तिथंच थांबलं. मुनव्वरचाचा हसत नव्हते. ते जमिनीकडं बघत होते. बंकट आणखी काहीतरी बोलायला लागला तशी नीलम्मा उठली. "जावा घरला," म्हणाली. "अक्का, चहा?" कुणीतरी विचारलं. "चहा ग्येला खड्ड्यात. जावा म्हणलं ना!"

राग तर आला होता, पण कुणाचा ते तिला कळेना. स्वामींवरचा तसूभरही कमी झाला नव्हता. बंकटचा आला होता, स्वतःचाही आला होता, आणि सगळ्यात जास्त ह्याचा आला होता की एवढ्या वर्षांनी हाताला लागलेला सूड आता तोंडात कडू लागत होता. स्वतःच्या हक्काचं खाताना कडू लागावं, ह्यासारखा वैताग नाही.

सोमवारी पहाटे तिनं म्हाताऱ्याला धुतलं, पुसलं, धोतर बदललं. मग कोनाड्यातला विभूतीचा खडा घेतला, ओला केला, आणि तीन बोटं भरवून खाटेपाशी आली. त्यांनी अजून मागितलंही नव्हतं.

"लावते," ती म्हणाली. "घ्या. तुमच्या मनासारखं होऊ द्या एकदाचं."

स्वामींनी तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान भिंतीकडं फिरवली.

"नको."

"काय नको?"

"तुझ्या हातची नको."

नीलम्माच्या अंगाचा भडका उडाला. "इतके दिवस भीक मागितल्यावानी मागत होता, आन् आता नको? माझ्या हातानं हगणं-मुतणं चालतंय, राख चालत न्हाई?"

"तवा वाटलं होतं, तुझं मन वळंल," स्वामी म्हणाले. बोलताना ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली, ती तिनं सवयीनं पुसली. "न्हाई वळलं. दिसतंय मला. मनात नसताना लावलेली विभूती म्हंजे निस्ती राख."

तिनं बोटांवरच्या राखेकडं बघितलं. मग अगदी सावकाश विचारलं, "माझ्या बापाच्या कपाळाला लावली ती?"

"ती बी राखच."

"तवा ठाव होतं तुमाला?"

"ठाव होतं."

"मंग पाय कावून ठिवला?"

"लोक बगत होते."

"आन् नावावरनं बोललात ते?"

स्वामींनी डोळे मिटले. "लोक हसतील म्हून."

बस्स? एवढंच? नीलम्माला वाटलं, ह्याचा गळा धरावा. इतकी वर्षं ती समजत होती की ह्या माणसाला बापाच्या विचारांचा संताप असेल, धर्म बुडाल्याची भीती असेल, काहीतरी मोठं असेल. वैर म्हटलं की ते दोन्ही बाजूंनी असावं लागतं. तिनं इकडं आपलं सगळं आयुष्य जाळलं, आणि ह्याला काय पाहिजे होतं, तर हशा! चार रिकामटेकड्यांचा हशा! तिनं हातातला पंचा त्यांच्या अंगावर फेकला. "थूत् तुमच्या स्वामीकीवर!" म्हणाली, आणि तरातरा दारापर्यंत गेली.

दारात ती थांबली. अंगणात ऊन उतरायला लागलं होतं. समोरून कुणी बाई पाण्याला चालली होती, तिनं हात केला, नीलम्मानं केला नाही. निघून जायला काहीच हरकत नव्हती. म्हाताऱ्यानं स्वतःच्या तोंडानं नको म्हटलं होतं, तिच्यावर बोल येत नव्हता.

पण तेच तिला टोचत होतं. ह्याला नको म्हणता आलं. गुरुपादाला आलं नव्हतं. त्याचं नको ती म्हणत होती आणि कुणी ऐकलं नव्हतं. आणि ह्याला काय नको होतं? राख नको नव्हती. लिंग नको नव्हतं. त्यासाठी तर जीव अडकला होता त्याचा. ह्याला फक्त तिचा हात नको होता.

ती परत आली. खाटेच्या कडेला बसली. बोटांवरची राख तिनं लुगड्याला पुसून टाकली, आणि खडा स्वामींच्या उजव्या हातात दिला.

"माझ्या हातची नको ना? मंग तुमच्या हातानं लावा. मी निस्ता हात धरते, हलू देत न्हाई." स्वामी तिच्याकडं बघतच राहिले. "बगता काय? ह्यात माझं मन लागत न्हाई, मनगट लागतंय. मन तुमाला कधीच मिळायचं न्हाई."

तिनं त्यांचं मनगट धरलं. पिठाची पोती उचलून उचलून तिची पकड पुरुषासारखी झाली होती. कंप तिच्या मुठीत येऊन दबला. म्हाताऱ्याची तीन बोटं कपाळावर टेकली, डावीकडून उजवीकडं सरकली. रेघा जरा वाकड्या आल्या, पण आल्या.

मग तिनं त्यांच्या गळ्यातली डबी उघडली आणि म्हणाली, "घ्या तुमचं तुमी." पुन्हा मनगट धरलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या बोटांनी लिंग काढून डाव्या तळव्यावर ठेवलं. तो हात मेलेला. लिंग घसरायला लागलं. नीलम्मानं आपला तळवा त्यांच्या तळव्याखाली घातला आणि वर उचलून धरला, त्यांच्या डोळ्यांसमोर येईल इतका. स्वतः ती समोरच्या भिंतीवरच्या ओलीकडं बघत होती. स्वामींचे ओठ हलायला लागले. काय म्हणत होते ते तिला पाठ होतं, लहानपणी आजीनं शिकवलेलं. तिनं त्यातला एक शब्दही मनात म्हटला नाही.

म्हातारा रडत होता. पाणी कानाकडं ओघळत होतं आणि ते पुसायला त्याला हात उरला नव्हता. एक तिच्या एका हातात, दुसरा दुसऱ्यात. तिनंही ते पुसलं नाही. वाहू दे, म्हणाली मनात. माझ्या बापासाठी कुणी तरी रडलं पाहिजे होतं त्या अंगणात.

तिचा खांदा भरून आला. बाहेर कुणीतरी हाक मारून विचारत होतं की गिरणी आज बंद आहे का.

"मी माफ केलेलं न्हाई," नीलम्मा म्हणाली.

स्वामींचे ओठ थांबले. "मागितली कुठं म्या?"

"मागूबी नका," ती म्हणाली, आणि पूजेला लागेल म्हणून पाण्याचा तांब्या पायानंच जवळ ओढला.